हुमणीसाठी वापरायच्या मेटारायझियम बुरशीचा माणसांना, म्हशींना, कोंबड्यांना धोका असतो का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी वडील मेटारायझियमची पावडर उघड्या हातांनी शेणखतात कालवतात. त्यांना शुगर आहे. गोठ्यात म्हशी आहेत, दारात कोंबड्या आहेत. आणि 2021 मध्ये तुमच्या नात्यातलं एक माणूस म्युकरमायकोसिसने गेलं, त्यामुळे 'बुरशी' म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. तो येणारच.

मी सोलापूरजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत ह्याच बुरशा तांदळावर वाढवते, नऊ वर्षं झाली. म्युकरसारखी ही बुरशी वडिलांच्या अंगात पसरेल, ही शक्यता फारच कमी आहे. पण पावडर उघड्या नाकाडोळ्यांनी हाताळणं मात्र आजपासून बंद करा.

हुमणीच्या कातडीवर बीजाणू चिकटतो, रुजतो, कातडी विरघळवणारे रस सोडून आत घुसतो आणि तिच्या रक्तात वाढतो. काही दिवसांनी अळी मरून कडक होते. नंतर तिच्यावर आधी पांढरा कापूस दिसतो, मग तो शेवाळासारखा हिरवा होतो. हे सगळं घडतं कारण अळीचं अंग मातीइतकंच गार असतं. मेटारायझियम आणि बिव्हेरिया (किडी मारणारी तशीच दुसरी बुरशी) ह्यांचे बहुतेक वाण 25 ते 30 अंशांत जोमाने वाढतात आणि 37 च्या आसपास जवळपास थांबतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारभर वीज गेली आणि खोली 40 वर गेली, की तांदळाच्या पिशव्या पांढऱ्याच राहतात, हिरव्या होत नाहीत. अख्खी बॅच टाकून द्यावी लागते. माणसाचं अंग 37, म्हशीचं साधारण 38.5, कोंबडीचं 41 च्या घरात. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतातच. म्युकरच्या बुरशा मात्र 37 अंशांतही आरामात वाढतात. नावात बुरशी असली तरी दोघींची जात वेगळी.

कोंबड्यांनी मेलेली हुमणी टिपली तर काय, हेही तुम्ही विचारलंय. फेझंट पक्ष्यांच्या पिलांना मेटारायझियमचे बीजाणू आणि त्या बुरशीने बाधलेले टोळ खायला घालून पाहिलेले आहेत, पिलांना काही झालं नाही. उंदरांवरही तोंडावाटे, श्वासावाटे, टोचून अशा चाचण्या होतात, त्याशिवाय आपल्याकडे नोंदणी मिळत नाही. म्हशींची काळजी सोडा.

आता जिथे सावध राहायचं ते. डोळ्याचा पुढचा पडदा अंगापेक्षा गार असतो, 34 अंशांच्या आसपास, आणि त्यात रक्तवाहिन्याही नसतात. म्हणून माणसांत ह्या बुरशांचे जे मोजके संसर्ग नोंदले गेलेत, त्यात डोळ्याचे ठळक आहेत, विशेषतः डोळ्याला इजा झालेली असताना किंवा स्टेरॉइडचे थेंब चालू असताना. शरीराच्या आत संसर्ग झालेले रुग्ण त्याहून विरळ, आणि ते बहुधा रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात प्रतिकारशक्ती पार खाली गेलेले. घरात कुणाची केमोथेरपी, किडनी बदलल्यावरची औषधं किंवा लांबलेला स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर त्यांनी पोत्याला हात लावू नये. वडिलांची शुगर फार चढउतार करत असेल तर कालवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं असं मला वाटतं. थंड रक्ताच्या प्राण्यांचंही तसंच: पिंजऱ्यातल्या मगरी, कासवं, सरडे ह्यांना ह्या गटातल्या बुरशांनी फुफ्फुसाचे आजार होऊन मेल्याच्या नोंदी आहेत.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो धुळीचा. मेटारायझियमचा बीजाणू जेमतेम 5 ते 8 मायक्रॉन लांब, बिव्हेरियाचा 2-3, म्हणजे थेट फुफ्फुसात खोल जाणारा. पहिल्या वर्षी मी मास्कशिवाय पावडर चाळायची. संध्याकाळी रुमालावर हिरवट डाग दिसायचे. पुढे रात्री दोनला खोकल्याची उबळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, संसर्ग नाही, ॲलर्जी आहे. ती आजही आहे, चाळणीजवळ गेलं की शिंका सुरू. कापडी रुमाल पुरत नाही. एन-95 मास्क, बंद चष्मा, हातमोजे घाला. पावडर आधी पाण्यात भिजवून मग शेणखतावर शिंपडा, म्हणजे धूळ उडणारच नाही.

शेजारी कुणी रेशीमकिडे पाळत असेल तर त्यांना मात्र आधी सांगा. 1835 मध्ये इटलीत आगोस्तिनो बास्सी ह्यांनी रेशीमकिड्यांचा पांढरा रोग बुरशीने होतो हे दाखवलं, ती बुरशी म्हणजेच बिव्हेरिया. मेटारायझियमही किड्यांना सोडत नाही. तुतीच्या पाल्यावर फवारा उडाला तर शेजाऱ्याची बॅच जाते.

पोतं उघडल्यावर वासही घ्या, नाक लांब ठेवून. दमट धान्यासारखा कुबट वास असेल तर ठीक. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बाजारातलं 'जैविक' पाकीट माझ्याकडे आणलं, त्याला रासायनिक औषधासारखा उग्र वास होता आणि अळ्या त्याच रात्री मेल्या होत्या. बुरशी एका रात्रीत मारत नाही. तसलं पाकीट ह्या बुरशीपेक्षा कितीतरी घातक. लेबलवर नोंदणी क्रमांक आणि जिवंत बीजाणूंची संख्या (1.15 टक्के पावडरीत ग्रॅमला 10 कोटी) नसेल तर घेऊ नका.

आणि वडिलांच्या डोळ्यात पावडर गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशीही लाली, ठणका राहिला तर मेडिकलमधून स्वतःच थेंब आणू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा आणि बुरशीची पावडर उडाली होती हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.