ठेका कोणीच धरत नाही तेव्हा

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

ड्रमवादक मॅक्स रोच आणि पियानोवादक सेसिल टेलर यांचा ‘हिस्टॉरिक कॉन्सर्ट्स’ हा अल्बम तू अर्ध्यावरच बंद केलास, हे तुझ्या पत्रातून कळले. दोघेही एकाच वेळी बोलत सुटतात, ही तुझी तक्रार अगदीच गैरवाजवी नाही. परंतु पियानो शिकणाऱ्याचे कान पियानोमागेच धावतात, आणि टेलर यांच्यामागे धावणारा हमखास दमतो. या वेळी रोच यांना धरून ऐक.

हा कार्यक्रम १५ डिसेंबर १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला आणि त्याचे ध्वनिमुद्रण १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोच तेव्हा ५५ वर्षांचे होते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या साथीने बीबॉप ही जॅझची शैली घडवणाऱ्या पिढीतले. पन्नाशीतले टेलर मात्र ठरलेल्या मात्रा आणि ठरलेले स्वरसंघ (कॉर्ड्स) केव्हाच मागे टाकून आलेले. आरंभी दोघांचे सुमारे पाच-पाच मिनिटांचे स्वतंत्र वादन आहे. घाईत ते ओलांडून पुढे जाऊ नकोस, कारण रोच यांचे बोलणे तिथे एकट्याने ऐकायला मिळते: लयीची एखादी छोटी आकृती ते मांडतात, थांबतात, तीच दुसऱ्या ड्रमवर फिरवून पाहतात. ती तोंडाने म्हणता येईपर्यंत ऐक.

त्यानंतरचे युगलवादन प्रत्येकी सुमारे ४० मिनिटांच्या दोन भागांत आहे आणि तुझी अडचण तिथेच सुरू होते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी धून, आवर्तन सांभाळतो, म्हणून तबलजीला कितीही दूर जाऊन समेवर परतता येते. जॅझमध्ये एरवी हे काम बऱ्याच अंशी बास हे खर्जातले तंतुवाद्य करते. इथे बास नाही, आणि त्याची रिकामी जागा भरण्याची जबाबदारी टेलर आपल्या डाव्या हातावर घेतही नाहीत. ते दोन्ही हातांनी स्वरांचे पुंजके आघातांसारखे फेकतात. त्यामुळे ‘आता कुठे आहोत’ याचे उत्तर बरेचदा ड्रम्समधून मिळते. पियानोचा ओघ दाटून येतो तेव्हा रोच यांचा आवाज किती वाढला, यापेक्षा त्यांनी कोणती आकृती धरून ठेवली आणि ती केव्हा सोडली, याकडे लक्ष दे. (टेलर यांनी रोच यांचे ऐकायलाच हवे होते असे मलाही काही ठिकाणी वाटते, पण ते असो.)

आता तुझ्या रियाजाविषयी. ड्रमर मित्राबरोबर वाजवताना तुझा डावा हात बासची नक्कल करू लागतो आणि मग त्या मित्राला साथ करण्यावाचून काही उरत नाही. आठवडाभर डाव्या हाताने स्वरसंघाचा मूळ स्वर देणे बंद कर. सुरुवातीला दोघेही भरकटाल. तरी मात्रा मोजून एकमेकांना सावरू नका, त्याने वाजवलेली आकृती उचलून तिला उत्तर दे. त्याचे रेकॉर्डिंग करून मला पाठव, आणि त्यातले निवडक तुकडे पाठवू नकोस, सगळे पाठव.

तुझा हितचिंतक