लेसर घेऊनही खांद्यावरचे केस उरले, आता इलेक्ट्रोलिसिस करावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २९, चिपळूणला राहता, खांदे आणि पाठीच्या वरच्या भागाला लेसरच्या आठ सिटिंग झाल्या. केस विरळ झाले पण गेले नाहीत, आणि दंडाच्या बाजूला, जिथे आधी नुसती लव होती, तिथे आता काळे केस दिसतात. क्लिनिकवाले आणखी सहा सिटिंगचं पॅकेज देतायत. ते घ्यावं की इलेक्ट्रोलिसिसकडे, म्हणजे सुईतून वीज सोडून एकेका केसाचं मूळ जाळण्याकडे वळावं, आणि पुरुष ते करतात का?

पॅकेज घेऊ नका. आणि हो, पुरुष करतात. मी केलंय.

मी मालवणचा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो, म्हणजे माझा दिवस पाण्यात जातो. तरी कित्येक वर्षं मी टी-शर्ट काढला नाही. किनाऱ्यावर सगळी पोरं उघडी आणि मी ओला शर्ट अंगाला चिकटवून उभा. आई म्हणायची, "झिला, तुझ्या बापाशीचे पण असेच केस होते." तिने धीर द्यायलाच म्हटलं होतं, पण मला ते केस नको होते. त्याचं कारण कुणाला पटवून द्यायची गरज नाही, तुम्हालाही नाही.

मी लेसरच्या नऊ सिटिंग घेतल्या, त्याही भर सीझनमध्ये. उन्हात किती असता हे मला कुणी विचारलंच नाही आणि मलाही माहीत नव्हतं. लेसरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि मुळाला चटका बसतो. पण मेलॅनिन कातडीतही असतं. आपली कातडी मुळात सावळी, त्यात उन्हाने रापलेली. मग भाजू नये म्हणून मशीनची ताकद कमी ठेवतात, आणि तेवढ्या उष्णतेने मूळ मरत नाही, काही महिने झोपतं. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित असतं. तुमच्यावर कोणतं मशीन वापरलं ते एकदा विचारून घ्या. बारीक किंवा पांढऱ्या केसांवर मात्र कोणतंच लेसर धड चालत नाही, कारण तिथे शोषायला रंगच नसतो. म्हणून आठ सिटिंगनंतर जे बारीक केस उरतात त्यांच्यावर आणखी सहा सिटिंग घेऊन हाती फार काही लागत नाही.

दंडाकडे नवे केस आले ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. लेसर केलेल्या भागाच्या कडेची लव जाड होणं हा डॉक्टरांच्या ओळखीचा परिणाम आहे. त्याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात, आणि सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो. याच्या जोडीला पुरुषांचं वय धरा. खांद्यापाठीचे केस पुरुषी हार्मोनमुळे तिशी-चाळिशीपर्यंत नव्याने येतच राहतात. आज लव असलेलं मूळ पाच वर्षांनी काळा केस देऊ शकतं. हे कुठलंच मशीन थांबवत नाही, इलेक्ट्रोलिसिसही नाही. आणखी एक विचारतो, डोक्याच्या केसांसाठी मिनॉक्सिडिलची गोळी घेता का? किंवा जिममध्ये कुणी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं? दोन्हींनी अंगावर केस वाढतात. तसं असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांशी बोला. त्याआधी सुईवर पैसे घालू नका.

इलेक्ट्रोलिसिस जुनी गोष्ट आहे. १८७५ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस याच रीतीने काढल्याचं प्रसिद्ध केलं. केसासारखी बारीक सुई केसाच्या शेजारून छिद्रात उतरवतात आणि वीज सोडतात. गॅल्व्हॅनिक पद्धतीत छिद्रातल्या मीठ-पाण्याचाच कॉस्टिक सोडा होतो आणि तो मूळ जाळतो. थर्मोलिसिसमध्ये क्षणभराची उष्णता असते. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. यात केसाचा वा कातडीचा रंग आड येत नाही, कारण सुईला रंग शोधायचाच नसतो. अमेरिकेचं एफडीए लेसरला 'केस कायमचे कमी करणं' म्हणतं आणि 'कायमचे काढणं' हे शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी ठेवतं.

पण हे एकेका केसाचं काम आहे. माझे तासाला दोन-अडीचशे केस निघायचे, आणि पाठ म्हणजे हजारो केस. त्यात एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात. आज सुप्त असलेलं मूळ दोन-तीन महिन्यांनी वर येतं, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. माझे दोन्ही खांदे आणि मान मिळून दीड वर्ष लागलं. पावसाळ्यात बोटी बंद असताना महिन्यातून दोनदा एसटीने कोल्हापूर गाठायचो, एकेकदा दोन तास पालथा पडून राहायचो. सीझनमध्ये फेऱ्या कमी केल्या. पूर्ण पाठीसाठी मी तुम्हाला हा मार्ग सांगणार नाही. दंडाची कड, खांदे, मान एवढंच ठरवा, बाकी पाठ ट्रिमरवर सोडा.

दुखतं. प्रत्येक केसाला गरम टाचणी टोचल्यासारखं. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं, कातडी बधिर करणारं मलम लावता येतं, पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढ्याच भागावर. ते पाठभर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे.

करणारी व्यक्ती कशी पारखायची, हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. नीट जळलेला केस चिमट्याने अलगद सरकून येतो. ओढल्याची कळ आली तर तो नुसता उपटलाय आणि परत येणार. पहिल्या ठिकाणी माझे बहुतेक केस असेच उपटले गेले आणि चार महिने फुकट गेले. मला तेव्हाच थांबता आलं असतं, पण विचारायची लाज वाटली. तुम्ही विचारा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, नाहीतर उठून या, हिपॅटायटिस बी तिथूनही मिळतो. पेसमेकर असेल किंवा जखमेवर केलॉइडची गाठ उठत असेल तर आधीच सांगा. आधी बोटभर जागेवर करून घ्या आणि डाग राहतो का ते काही आठवडे पाहा.

जायच्या तीन-चार दिवस आधी दाढीच्या रेझरने तो भाग साफ करा. त्यानंतर जे केस वर येतात ते वाढीतले, आणि सुई त्यांनाच हवी असते. या काळात वॅक्सिंग, उपटणं अजिबात नको.

नंतर बारीक खपल्या धरतात, त्या खाजवू नका. आपल्या कातडीवर काळे डाग पडले तर जायला महिने लागतात आणि ऊन ते आणखी गडद करतं. मी खपल्या पडेपर्यंत समुद्रात उतरत नव्हतो. चिपळूणचं दमट ऊन पाहता तुम्ही जूनमध्येच सुरुवात करा, आणि तोवर दंडाच्या त्या कडेला लेसर लावू देऊ नका.