मुलांना घेऊन पहिल्यांदा ताडोब्याला जाताय?

गाभा (कोअर) क्षेत्रातली सफारी मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असते, म्हणून तारीख आधी त्या हिशोबाने ठरवा. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळ प्रतीतच सोबत ठेवा, झेरॉक्सवर गेटवर अडवतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या जिप्सीत बोचरा वारा लागतो, मुलांना कानटोपी आणि पातळ ब्लँकेट हवंच. कपडे मातकट किंवा हिरवे, अत्तर नको.

घरून निघतानाच मुलांना ‘वाघ बघायला चाललोय’ असं सांगू नका. तिथेच चुकतं. वाघ दिसला नाही की ती हिरमुसतात आणि बाकीचं जंगल बघायचंच राहून जातं. त्याऐवजी वाघ-बिबट्याची चाहूल लागली की प्राणी देतात त्या इशाऱ्याच्या हाकांकडे कान द्यायला शिकवा. वानराचा खेकसल्यासारखा ‘खक्‌’, चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराचा घुमणारा ‘पॉंक’. चितळ कशानेही दचकतं. सांबर पुन्हापुन्हा ओरडलं तर मात्र गाडी बंद करून दहा मिनिटं गप्प बसायला सांगा.

वानरं झाडावर असली की खाली चितळं शोधा, वरून पडलेला पाला खायला येतात. ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल गाडीतूनच दाखवा, खाली उतरायला मनाई आहे. गाभ्यात मोबाईल वापरायला बंदी आहे, हे तर फारच चांगलं. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या.