कॉलऱ्याचा जंतू पेशीत शिरत नाही, मग अंगातलं पाणी कसं काढतो?

तुम्ही विचारलंय की हा जंतू आतड्याच्या पेशीत घुसतही नाही, तिला फोडतही नाही, तरी काही तासांत माणूस सुकून कसा जातो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये आहे. पावसाळ्यात विहिरीत नाल्याचं पाणी उतरलं की संशयित रुग्ण येतात. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, रक्ताचा थेंब नाही. म्हणजे आतडं शाबूत असतं.

सगळं करतं ते विष. १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे या संशोधकांनी सशाच्या आतड्यावर ते सिद्ध केलं. त्याचे पाच सारखे बी भाग गोल कडं करून पेशीवरच्या जीएम१ या मेदाला धरतात; ए भागाची शेपटी त्या कड्याच्या भोकात ओवलेली असते. आत गेल्यावर ए१ हा तुकडा सुटतो आणि पेशी बिघडलेली प्रथिनं ज्या वाटेनं बाहेर टाकते, त्याच वाटेनं सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात, निसटतो.

चीड येते ती पुढच्या भागाची. ए१ एकटा सुस्त असतो. आपलंच एआरएफ६ नावाचं प्रथिन त्याला चिकटलं की त्याच्या साखळीतले वळसे सरकतात आणि सक्रिय जागा उघडी पडते. म्हणजे विषाला जागं आपणच करतो!

त्याचं लक्ष्य जीएस-अल्फा. पेशीतलं हे प्रथिन म्हणजे एक कळ: जीटीपी नावाचा छोटा रेणू धरला की चालू, आणि तेच जीटीपी स्वतः तोडलं की बंद. तोडायला त्याच्या साखळीतलं २०१ क्रमांकाचं अमिनो आम्ल, आर्जिनिन, लागतं. ए१ नेमका त्याच आर्जिनिनवर एडीपी-रायबोज हा रेणू चिकटवतो. झालं! चालू होणं तसंच राहतं, बंद होणं तेवढं जातं. त्यामुळे सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू साचतो, सीएफटीआर हे पेशीच्या पडद्यातलं क्लोराइडचं दार उघडतं, क्लोराइड बाहेर, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी.

साखरेबरोबर सोडियम आत घेणाऱ्या प्रथिनाला मात्र यातलं काहीच लागत नाही. सोडियम आत गेलं की पाणीही मागोमाग आत जातं, म्हणून मीठ-साखरेचं ओआरएस चालतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी त्यावरच असंख्य जीव वाचवले. आमच्याकडे अजूनही काही जण 'सलाइनच लावा' म्हणून अडून बसतात. बेशुद्ध किंवा पार गळालेल्या रुग्णाला ती हवीच, पण पिऊ शकणाऱ्याला आशाताईंनी दिलेलं पाकीट पुरतं. एका पाकिटाला एक लिटर पाणी, कमी नाही.

अँटिबायोटिक जंतू मारतं, पण आर्जिनिनवर आधीच चिकटलेलं काढत नाही. त्या पेशी झडून नव्या येईपर्यंत पाणी पाजत राहावंच लागतं.