बारावी सायन्सनंतर बी.टेक.-एलएलबी एकत्र करावं, की आधी आयटी आणि मग लॉ?

मी दुसऱ्या वाटेने आले. आधी चार वर्षं आयटी, मग सीईटी देऊन तीन वर्षांचा एलएलबी. सहा वर्षांच्या एकत्र अभ्यासक्रमात एक वर्ष वाचतं, हे खरं. पण सतराव्या वर्षी दोन्ही विषयांची ओढ पक्की असेल तरच ती उडी घ्या. प्रवेशाआधी दोन गोष्टी लेखी विचारा: बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, आणि चौथ्या वर्षी सोडावं लागलं तर हातात कुठली पदवी पडते? दुसऱ्याचं उत्तर मोघम आलं, तर तिथे जाऊ नका.

हे दोन विषय एकत्र हवेत, याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नाही. जालन्याची 2014 ची विधानसभा निवडणूक घ्या. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलेलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र (डिजिटल पुरावा कुठल्या उपकरणातून, कसा काढला हे सांगणारं) लागतंच, असं न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम 63 ने घेतली, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅशही मागितलाय. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा; आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. माझे अशील अजूनही व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट छापून आणतात आणि मूळ चॅट पुसून बसतात. मग ठसा घ्यायचा कशाचा? उलटतपासात हे नेमकं विचारता येतं, कारण आत काय घडतं ते मला दिसतं.

पेटंटचं काम आवडणार असेल तर आणखी एक कारण आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. नुसतं बीए-एलएलबी चालत नाही. सॉफ्टवेअरच्या पेटंटमध्ये पेटंट कायद्याचं कलम 3(के) आडवं येतं (नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, असं ते सांगतं), आणि तिथे कोड वाचता येणाऱ्या वकिलाची खरी गरज भासते.

सनद मिळाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं ज्युनिअर म्हणून फार थोडक्या पैशांत काढावी लागतात. घरी हे आधीच सांगून ठेवा.