मच्छीमारांच्या टेलिग्राम ग्रुपमधले मेसेज साठवून ब्राउझरवर शोधता येतील का?

तुम्ही लिहिलंय की मालवणच्या ग्रुपवर पहाटेच्या लिलावाचे दर पडतात आणि आठवड्याने काहीच सापडत नाही. बॉट (ग्रुपमधले मेसेज आपोआप उचलणारा प्रोग्राम), एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसची एक फाइल आणि ती दाखवणारं छोटं वेबपान एवढ्यात काम होतं.

बॉटफादरकडून (बॉट बनवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, घेतलंत की आधी त्याच्या सेटप्रायव्हसी कमांडने प्रायव्हसी 'डिसेबल' करा, मग बॉट ग्रुपमध्ये घ्या. आधीच घेतला असेल तर काढून पुन्हा घ्या, नाहीतर त्याला साधे मेसेज दिसत नाहीत. मागचे मेसेजही त्याला मिळत नाहीत. ते डेस्कटॉप ॲपमधून जेसन या प्रोग्रामला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये एक्सपोर्ट करून एकदाच भरा.

घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हे चालवू नका. बॉटने न उचललेले मेसेज टेलिग्राम २४ तासच धरून ठेवतं. पावसात लाइट दोन दिवस गेली की पहिल्या दिवसाचे दर गेलेच, शिवाय मेमरी कार्डही बिघडू शकतं. भाड्याचा लहानसा सर्व्हर बरा. तिथेही मेसेज फाइलमध्ये पक्का लिहून झाल्यावरच पुढचा ऑफसेट (इथपर्यंतचे मेसेज मिळाले असं टेलिग्रामला सांगणारा आकडा) पाठवा. उलट केलंत आणि मधेच प्रोग्राम पडला, तर तो मेसेज परत येत नाही.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, येते. तारीख तशीच कापलीत तर पहाटे साडेपाचच्या आधीचे दर आदल्या दिवसाच्या पानावर जातील, आणि तुमचा लिलाव नेमका त्याच सुमाराचा. कोणी दर दुरुस्त केला की तो एडिट वेगळा येतो. जुन्यावर लिहू नका, दोन्ही ठेवा. डिलीट मात्र बॉटला कळत नाही. ग्रुपला तसं सांगून ठेवा, कुणी म्हटलं तर हाताने काढा, आणि पानाला पासवर्ड घाला.

खरी अडचण मराठी शोधाची. एसक्यूलाइटमधल्या एफटीएस५ या शोध-सुविधेचा नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रा अक्षरात धरत नाही, तिथेच शब्द तोडतो. 'बांगडा' म्हणजे त्याला 'ब' आणि 'गड'. मग बांगडा शोधला की कुणा बागड्यांचं बोटीचं भांडणही वर येतं! टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी (युनिकोडमधले काना-मात्रांसारख्या चिन्हांचे गट) घाला, इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) नव्याने बांधा. शोधताना 'बांगड' पुढे तारा (*) लावला की बांगडे, बांगड्याचा सगळं येतं. 'किनाऱ्यावर' मधला अर्धा र कुणाचा कीबोर्ड ऱ ने लिहितो, कुणाचा र आणि अदृश्य जोडचिन्हाने. एनएफसीने (युनिकोड मजकूर एका ठरावीक रूपात आणण्याची पद्धत) हा फरक जात नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे स्वतःच एकसारखा करून घ्या.

ग्रुप सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला की त्याचा आयडी बदलतो. तसा मेसेज आला की नवा आयडी जुन्याला जोडा, नाहीतर पानावर दोन ग्रुप दिसतील.