आजोबांच्या पेटीतली हवाना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वाडा रिकामा करताना फडताळाच्या मागून निघालेली सिगारची पेटी, हा या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. तंबाखू अपायकारकच, जुनी झाली म्हणून ती सात्त्विक होत नाही. कुणी नव्यानं सुरुवात करावी म्हणून ही उत्तरं दिलेली नाहीत. पेटी घरात आहेच, आता तिचं काय करायचं, असं विचारणाऱ्यांसाठी ती आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत लाकडी पेटी सापडली, आत अकरा सिगारी आहेत. घरात सगळे ‘हवाना’ म्हणतात. त्या खरंच क्यूबाच्या आहेत की त्रिचीचे चिरूट? आणि किती जुन्या असतील? (दांडिया बाजार, बडोदे)

आधी टोकं पाहा. चिरूट दोन्ही टोकांना सरळ कापलेला असतो. हवानाचं पेटवायचं टोक उघडं आणि तोंडात धरायचं टोक पानाच्याच गोल टोपीनं बंद केलेलं असतं. ती टोपी उजेडात धरली, तर एकावर एक बसवलेल्या पानाच्या कडांच्या दोन-तीन बारीक रेघा दिसतात. मग उघड्या टोकात डोकवा. हातानं वळलेल्या चांगल्या सिगारीत अखंड पानं पंख्यासारखी दुमडलेली दिसतात. बारीक चुरा दिसला, तर माल मशीनवरचा किंवा नकली.

वयाचा पत्ता पेटीच्या तळाला असतो. लाकडावर डाग देऊन उमटवलेला ‘एचो एन कूबा’ (क्यूबात बनलेलं) हा स्पॅनिश ठसा असेल, तर पेटी क्यूबातल्या १९५९ च्या क्रांतीनंतरची. ‘मेड इन हवाना’ असं इंग्रजीत असेल, तर ती सहसा १९६० च्या आसपासची किंवा त्याआधीची. ‘पूर्णपणे हातानं’ या अर्थाची स्पॅनिश ओळ १९८९ पासून आली आणि ‘हाबानोस एस. ए.’ हे क्यूबाच्या सिगारी विकणाऱ्या कंपनीचं नाव १९९४ पासून. यातलं काहीच नसेल आणि फक्त ‘एचो एन कूबा’ असेल, तर पेटी १९८९ च्या आधीची समजा.

१९८५ नंतरच्या पेट्यांवर शाईच्या शिक्क्यात तारखेची सांकेतिक अक्षरं आहेत. ‘निवेलाकुसो’ या शब्दाची एन, आय, व्ही, ई, एल, ए, सी, यू, एस, ओ ही दहा रोमन अक्षरं म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य. शिक्क्यात ओ-ए-एस-सी असेल, तर ०६-९७, म्हणजे जून १९९७. साल २००० पासूनच्या पेट्यांवर महिना आणि वर्ष सरळ लिहिलेलं मिळतं.

एक सावधगिरी. सिगारीभोवतीचा कागदी पट्टा कोहिबा या क्यूबाच्या ब्रँडचा असेल तर आजोबांचा काळ आठवून पाहा. ही सिगार १९६६ पासून बनते, पण खुल्या विक्रीला १९८२ मध्ये आली. तोवर ती परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून जायची. आजोबा १९७५ साली गेले असतील, तर एक तर ते मोठे मुत्सद्दी होते किंवा पेटी नंतर कुणी तरी ठेवली. आणि झाकण काचेचं असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. ती पेटी नकली.

प्रश्न : सिगारी वाळून कडक झाल्यात. बोटांत धरून दाबलं की पापडासारख्या कुरकुरतात. बाथरूममध्ये वाफेवर ठेवाव्या का? डब्यात बटाट्याची फोड ठेवतात असंही ऐकलं. (रावपुरा)

दोन्ही नको. आजोबांच्या सिगारी वयानं जेवढ्या बिघडत नाहीत, तेवढ्या नातवंडांच्या घाईनं बिघडतात. सिगारीचं बाहेरचं पान अगदी पातळ असतं. वाफ लागली की ते काही तासांत फुगतं, आतला गाभा मात्र कोरडाच राहतो. मग गाभ्याला ओल पोचून तो फुगू लागला, की आधीच ताणलेलं पान उभं चिरतं. बटाटा, सफरचंद, ओला बोळा यांनी ओल येते, पण ती मोजता येत नाही आणि आठवड्यात बुरशी धरते.

रबरी कडेचा, घट्ट बसणारा डबा घ्या. स्टीलचा किंवा खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा चालेल, पण त्यात याआधी मसाला किंवा लोणचं ठेवलेलं नसावं. सिगारीची मूळ लाकडी पेटी झाकण किंचित उघडं ठेवून आत ठेवा. शेजारी ओल देणारं आणि जास्तीची शोषूनही घेणारं ६० ग्रॅमचं पाकीट ठेवा. डब्यातली आर्द्रता ज्या टक्क्यावर राखायची, त्यानुसार ही पाकिटं वेगवेगळ्या टक्क्यांची मिळतात. पहिले तीन आठवडे ५८ टक्क्यांचं, पुढचे चार-पाच आठवडे ६२ चं. जुन्या सिगारीला ६२ ते ६५ पुरे. ७० टक्के नव्या मालासाठी ठीक असेल, जुना माल त्यात जड होतो आणि ओढताना झुरका अडतो. दर आठवड्याला प्रत्येक सिगार पाव वळसा फिरवा. डिंकाचे लाडू होतायत का बघायला दिवसातून चारदा झाकण उघडतो, तसं मात्र करू नका.

काम झालं हे बोटांवरून ठरवू नका. सोनाराकडे असतो तसा लहान काटा मिळाला, तर दर आठवड्याला एकच ठरलेली सिगार तोला. वजन वाढत जाईल. सलग दोन आठवडे ते हललं नाही, की ओल गाभ्यापर्यंत पोचली. साधारण दोन ते तीन महिने धरा.

डब्यात आर्द्रतामापक ठेवणार असाल, तर तो नवा असला तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळू देऊ नका. बूच आणि मापक एका बंद पिशवीत २४ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर तुमचा मापक चार कमी दाखवतो, तेवढे पुढे मिळवत चला.

बडोद्यात हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करावं. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की पाकीट लवकर संपतं. ते हाताला कडक लागलं की बदलायचं. पावसाळ्यात उलट होतं. बाहेरची आर्द्रता ८५ च्या वर जाते, तेव्हा डबा उघडायचाच झाला तर एसी चालू असलेल्या खोलीत उघडा.

ओल परत येते. पानातली सुगंधी तेलं उडून गेली असतील तर ती येत नाहीत. चाळीस वर्षं माळ्यावर, पत्र्याखाली उन्हाळे काढलेली सिगार मऊ होईल, नीट जळेल आणि पुठ्ठ्यासारखी लागेल. सगळ्या पेटीवर तीन महिने घालवायच्या आधी एखादी मोडकी सिगार फोडून आतलं पान चुरगळून हुंगा. चामडं, सुकं गवत, देवघरातलं जुनं लाकूड असा काही वास आला तर पुढे जा. नुसता धुळीचा आला तर त्या कपाटात शोभेला ठेवा.

प्रश्न : काही सिगारींवर पांढरी भुकटी आहे, दोन सिगारींना टाचणीएवढी भोकं आहेत. (मांजलपूर)

पांढऱ्या भुकटीला हौशी लोक ‘सिगारीचा बहर’ म्हणतात आणि खूश होतात. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. पानाच्या वरवर, पांढरट आणि विरळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका आणि त्या सिगारी वेगळ्या ठेवा. निळसर-हिरवी, लोकरीसारखी असेल किंवा पेटवायच्या टोकातून आत शिरलेली दिसत असेल तर सिगार टाकून द्या. तो धूर तोंडात घ्यायचा नाही.

भोकं तंबाखूच्या किड्याची. हा तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा तुमच्या हळदीच्या आणि धण्यांच्या बरणीतही निघतो, म्हणून सिगारीचा डबा स्वयंपाकघराच्या कपाटात कधीच ठेवू नका. भोकं जुनी की नवी हे ओळखायला त्या दोन सिगारी पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून आठवडाभर तशाच ठेवा. कागदावर ताजी तपकिरी पूड पडली तर कीड जिवंत आहे. मग सगळाच माल गोठवावा लागतो. दुहेरी पिशवीत हवा काढून बंद करा, एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. फ्रिजचा शेवटचा टप्पा गाळून फ्रीझरमधून थेट बाहेर काढल्यास पान तडकतं आणि पिशवीवरचं दव आत उतरतं. पूड पडली नाही तरी पुढे डबा २४ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, कारण उबेत अंडी फुटतात. आपल्याकडे मे महिन्यात याचा अर्थ एसीची खोली. फ्रिज कायमच्या साठवणीसाठी नाही. तो सिगार वाळवतो आणि लसणाचा वासही देतो.

प्रश्न : बाहेरचं पान एका जागी चिरलंय. चिकटवता येईल का?

येईल. चव-वास नसलेला खायचा डिंक किंवा कतिरा पाण्यात भिजवून दाट खळ करा. मोडक्या सिगारीच्या पानाचा नखाएवढा तुकडा कापा, ओलसर करा, त्याला खळ लावा आणि चिरेवर बसवा. दहा मिनिटं बोटानं अलगद दाबून ठेवा. कागद चिकटवायचा गोंद नको, तो जळतो. टोकापासून टोकापर्यंत चीर गेलेली असेल तर कष्ट वाया जातील.

प्रश्न : ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या. वास जाईल का?

सहसा नाही. तंबाखू आणि पेटीचं लाकूड दोन्ही तो वास पिऊन बसतात. महिनाभर मोकळ्या हवेत ठेवूनही आला, तर त्या सिगारी ओढू नका. कापराच्या संदुकीतून निघालेल्या मालाचंही तेच.

प्रश्न : सिगारी आता मऊ झाल्या आहेत. पहिली कशी कापायची, पेटवायची? आजोबांचा अडकित्ता घरात आहे. (कारेलीबाग)

अडकित्ता सुपारीसाठीच राहू द्या. त्याचं एकच पातं माल खालच्या दांड्यावर दाबून तोडतं. सुपारी त्यानं फुटते, सिगारीची टोपी चेचते. दोन्हीकडून पाती येणारा सिगार-कटर घ्या. नसेल तर दाढीचं नवं पातं टोपीच्या कडेवरून गोल फिरवून वरची चकती उचला.

कापण्याआधी टोपी मिनिटभर ओठांत धरून ओलसर होऊ द्या, जुनं पान कोरडं कापलं की तडकतं. टोकापासून सुमारे दोन मिलिमीटरच कापा. टोपीची कड जिथे संपते त्याच्या खाली गेलात, तर बाहेरचं पान सुटून उलगडत जाईल. पेटवायच्या आधी एक कोरडा झुरका घ्या. स्ट्रॉमधून पाणी यावं इतक्या सहज हवा यायला हवी. फारच अडत असेल तर सिगार पुन्हा डब्यात, दोन-तीन आठवडे ५८ टक्क्यांवर.

पेटवायला गॅसचा लायटर किंवा लांब काडी. काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मगच जवळ न्या. पेट्रोलचा लायटर, मेणबत्ती, देवघरातली समई नको; तेला-मेणाचा वास पहिल्या झुरक्यातच पानात उतरतो. पेटीत सिगारींच्या थरांमध्ये पातळ लाकडी पापुद्रा असेल, तर त्याची बोटभर चिरफळी पेटवून त्यावर पेटवणं उत्तम. टोक ज्योतीच्या एक सेंटिमीटर वर धरून २०-३० सेकंद फिरवत शेका. कड सगळीकडून लालसर झाली की मग तोंडाला लावा आणि फिरवतच दोन-तीन हलके झुरके घ्या.

पुढे मिनिटाला एक झुरका. जुन्या सिगारीचा जोर उतरलेला असतो, चव हलकी आणि मागून येणारी असते. ती कळेना म्हणून लोक भराभर ओढतात, निखारा तापतो आणि सगळं कडवट होतं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातूनच सोडायचा. राख दोनेक सेंटिमीटर झाली की टेकवा, आपटू नका. पट्टा लगेच ओढू नका. निखारा जवळ आला की उबेनं त्याचा डिंक सैल होतो. मोंतेक्रिस्तो नंबर ४ सारखी १२९ मिलिमीटरची सिगार चाळीसेक मिनिटं चालते.

गच्चीवर बसणार असाल तर वारा पाहा. उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाला लागतो तो वारा सिगारीची एक बाजू पुढे जाळत नेतो. असं झालंच तर मागे राहिलेल्या बाजूला ज्योत दाखवा आणि ती बाजू खाली धरा. पंख्याखालीही तेच होतं. हॉटेलात, जिन्यात, सोसायटीच्या दालनात ओढू नका, सार्वजनिक जागी धूम्रपानाला कायद्यानं बंदी आहे.

प्रश्न : सोबत काय घ्यावं? पुस्तकांत सगळीकडे रम लिहिलेली असते.

गुजरातेत परवान्याशिवाय तो प्रश्नच मिटतो. जुन्या सिगारीचं त्यात नुकसान नाही, कारण रम तिची हलकी चव झाकून टाकते. काळी कॉफी कमी साखरेची, किंवा जायफळ घातलेली दुधाची कॉफी छान जमते. आल्याचा चहा नको. मध्ये मध्ये साधं पाणी. रिकाम्या पोटी बसू नका, पण सेव-उसळ खाऊन लगेचही नको, जीभ तिखटानं बधिर असते. घाम फुटला, मळमळलं, गरगरलं तर ते निकोटिन आहे. सिगार ठेवा, गुळाचा खडा किंवा साखरपाणी घ्या आणि स्वस्थ बसा.

प्रश्न : मध्येच विझली तर? आणि उरलेली दुसऱ्या दिवशी ओढता येते का?

विझणं हा दोष नाही, जुन्या सिगारी विझतातच. राख झाडा, एकदा हलकेच उलटी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा आणि पुन्हा शेकून पेटवा. तासाभरात हे करता येतं. दुसऱ्या दिवशी मात्र तिला फक्त राखेची चव येते. शेवटचा तिसरा हिस्सा बोटांना गरम आणि जिभेला कडू लागू लागला, की तिथेच थांबा. चुरगळून विझवू नका, त्यानं खोलीभर दर्प सुटतो. रक्षापात्राच्या कडेवर आडवी ठेवा. पाच-दहा मिनिटांत ती आपोआप विझते.